शोभनाताईंचं वायसेनबुर्ग

कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळात नवं माणूस आलं, की पहिल्या महिन्यात त्याला दोन गोष्टी कळायच्या. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आन्मेल्डुंग, कुठे करायची हे एक. आणि शोभनाताईंचं गाव कोणतं हे दुसरं. शोभनाताई खऱ्या मिरजेच्या. पण मंडळात कोणी 'ताईंचं गाव' म्हणालं, की ते वायसेनबुर्गच असायचं. वायसेनबुर्ग फ्रान्समध्ये आहे, पण अगदी उंबऱ्यावर. गाडीने तासभर लागतो. जर्मनीतल्या जंगलातून लाउटर नदी खाली येते, सीमा ओलांडून या गावात शिरते, तिथे तिला फाटे फुटतात आणि ती घरांच्या भिंतींना घासत वाहते. दर वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी शोभनाताई मंडळाला तिथे घेऊन जायच्या. डोक्यावर कापडी टोपी, हातात मिटलेली छत्री, आणि मागे तीस-चाळीस माणसं. मिठाच्या जुन्या कोठारापाशी आल्या की छत्री वर करून म्हणायच्या, "आता हे छप्पर बघा. म्हातारीच्या पाठीसारखं वाकलंय, पण पडलेलं नाही."

हे गाव त्यांचं कसं झालं, ते सांगायला हवं.

शोभनाताई मिरजेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. श्रीपादरावांना इकडे यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि शहाऐंशी साली त्या त्यांच्यामागून आल्या. त्यांच्या बी.एड.च्या प्रमाणपत्राला इथे कोणी विचारलं नाही. पुढे एका किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, स्वयंपाकघरात काम मिळालं. नकाशावर बोट ठेवून मुलींना ऱ्हाइन नदी दाखवणारी बाई ऱ्हाइनपासून दहा मिनिटांवर बसून सफरचंदांच्या फोडी करू लागली. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्यांना घरात बसवत नसे.

अशाच एका रविवारी दोघं सीमेजवळच्या द्राक्षमळ्यांत फिरायला गेले. उतारावर उभं राहिलं की खाली वायसेनबुर्ग दिसायचं. लाल छपरं, चर्चचा मनोरा, धुराडी. ताई पुढे निघाल्या तसे श्रीपादराव म्हणाले, "थांब. त्या दगडाच्या पुढे आपल्याला व्हिसा लागतो."

आजूबाजूचे जर्मन लोक पाव आणायला तिकडे जात होते. त्यांची कुत्रीसुद्धा जात होती. शोभनाताई दगडापाशी थांबल्या. नंतर कित्येक वर्षं त्या तिथेच येऊन थांबत राहिल्या. त्या गावाबद्दल वाचता यावं म्हणून त्या नेटाने जर्मन शिकल्या. वाचनालयातून पुस्तकं आणून त्यांनी तिथल्या मठाचा, तटबंदीचा, अठराशे सत्तरच्या लढाईचा इतिहास वाचला. गावात पाऊल ठेवण्याआधी त्यांना तिथल्या गल्ल्या पाठ झाल्या होत्या. पंचाण्णव साली वसंतात सीमेवरची तपासणी उठली आणि आलेल्या पहिल्याच सुट्टीला दोघं गावात शिरले. त्या पहिल्या दिवसाची गोष्ट मात्र ताईंनी मंडळात कधी सांगितली नाही. बाकी सगळं गाव त्यांनी लोकांना वाटलं होतं. तेवढी एक गोष्ट ठेवून घेतली होती.

आणि मग कादंबरी नावाची मुलगी आली.

कादंबरी पुण्याची. फ्रान्समधल्या लिऑनला चार वर्षं राहून आता इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. फ्रेंच असं बोलायची, की ऐकणाऱ्याला वाटावं ही सदाशिव पेठेत नाही, पॅरिसमध्येच वाढली. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात ती कोणाला तरी सांगत होती, "फ्रेंचमध्ये त्याला विसांबूर म्हणतात." शोभनाताई पलीकडे श्रीखंड वाढत होत्या. त्यांच्या हातातला डाव थांबला. जेवणं होईपर्यंत दोन-तीन जण विसांबूर म्हणायलाही लागले होते. तीस वर्षं वायसेनबुर्ग म्हणणारी माणसं!

मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ हात पुसत जवळ आले. "शोभनाताई, यंदाची सहल कादंबरी नेईल म्हणतेय. तुम्ही आराम करा."

"मी दमलेय असं कोणी सांगितलं?"

"तसं नाही हो. पण तिला फ्रेंच येतं, आणि तरुण मुलांना जरा... तुमचं मिठाचं कोठार सगळ्यांना पाठ झालंय आता."

ताई हसल्या. हसताना दात दिसले, एवढंच. घरी आल्यावर म्हणाल्या, "श्रीखंडात वेलची जास्त झाली होती."

"मी नाही केलं ते," श्रीपादराव म्हणाले.

"मला ठाऊक आहे कोणी केलं ते."

श्रीखंड कादंबरीने केलं होतं.

दोन दिवसांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगीत पत्रक आलं. 'चला विसांबूरला!' आणि खाली तारीख. ती वाचून शोभनाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तारीख कारफ्रायटागची होती, म्हणजे गुड फ्रायडेची. कादंबरीने लिहिलं होतं, 'जर्मनीत त्या दिवशी सगळं बंद, सगळ्यांना सुट्टी. पण फ्रान्समध्ये कामाचा दिवस असतो! दुकानं, बेकऱ्या, रेस्तराँ सगळं चालू. डबे आणू नका, तिथेच मस्त जेवू.'

फ्रान्सबद्दल ते खरं होतं. लिऑनबद्दल खरं होतं, पॅरिसबद्दल खरं होतं. वायसेनबुर्गबद्दल खोटं होतं. आल्सास हा फ्रान्सचा असा कोपरा आहे, की गुड फ्रायडेला तिथे जर्मनीसारखीच सुट्टी असते. हे ताईंना पक्कं ठाऊक होतं, कारण पंचाण्णव साली त्या पहिल्यांदा गेल्या तो दिवस गुड फ्रायडेचाच होता आणि गावात सगळी दारं बंद होती.

त्यांनी टाइप केलं, 'अगं कादंबरी, तिथे'. मग अक्षरं एकेक करून पुसली. श्रीपादराव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "गुड फ्रायडे म्हणतायत. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीतरी बंद होतं ना गं?"

"तो रविवार होता," शोभनाताई म्हणाल्या.

"असेल."

एवढ्यावरही हे थांबलं असतं. पण त्या शनिवारी कादंबरी स्वतः घरी आली. हातात ट्युलिपची जुडी. वाकून नमस्कार केला, जर्मनीत वाढलेली मुलं करत नाहीत तसा नीट. मग खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि ताईंनी केलेला उपमा दोनदा घेतला. मुलगी गोड होती. त्याचाच ताईंना जास्त राग आला.

"काकू, मला खूप टेन्शन आलंय. सगळे म्हणतात, शोभनाकाकूंसारखं कोणी सांगत नाही. काही टिप्स द्या ना."

"तुला मी काय सांगणार? तू फ्रान्समध्ये राहिलेली."

"असं नका ना म्हणू. वेळापत्रक बघा तरी. दहाला पोचायचं, चर्च, मग तटावरून चक्कर, एक वाजता जेवण. रिझर्व्हेशन नाही केलं, साधा शुक्रवार आहे तिकडे. लिऑनला गुड फ्रायडेला आम्ही लॅबमध्ये असायचो." तिने मोबाइल पुढे धरला. "बरोबर आहे ना?"

शोभनाताई चहा गाळत होत्या. गाळणीतला चोथा त्यांनी चमच्याने दाबला. "चर्चमध्ये गार असतं," त्या म्हणाल्या. "मुलांना स्वेटर घालायला सांग."

"बस्स?"

"बस्स."

ती गेल्यावर त्यांनी ट्युलिप पाण्यात ठेवली, पण दिवाणखान्यात नाही, बाथरूमच्या खिडकीत.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी श्रीपादराव दुपारची झोप काढून उठले, तर स्वयंपाकघरात दशम्यांची चळत उभी होती. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, गूळ घातलेल्या, प्रवासात दोन दिवस टिकणाऱ्या. शेजारी कोरडी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कागदी बशांचा गठ्ठा.

"एवढं कोणाला? डबे आणू नका म्हणालीय ना ती."

"लागतं," ताई म्हणाल्या.

त्यांच्या मनातलं चित्र स्पष्ट होतं. बंद गाव, भुकेली माणसं, रडवेली कादंबरी. मग आपण पुढे व्हायचं, पिशवी उघडायची. राजाभाऊ म्हणणार, ताई, तुमच्याशिवाय होत नाही. पुढचा मे महिना पुन्हा आपला. माणसं उपाशी राहावीत असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. तेवढ्यापुरत्या त्या चांगल्याच होत्या.

सकाळी बानहोफवर, म्हणजे स्टेशनवर, मंडळी जमली. ताईंनी आपली चाकांची बाजारपिशवी फलाटावरून खडखडत आणली. कोणी विचारलं, तर म्हणाल्या, "पाठ दुखते, म्हणून शाल-बिल आणलीय." विंडेनला गाडी बदलून दहाच्या सुमाराला सगळे वायसेनबुर्गला उतरले. वारा बोचरा होता. रस्ते रिकामे होते.

"किती शांत!" कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

ताई पिशवी ओढत पुढे चालत राहिल्या.

कादंबरी सांगायला लागली, आणि ती छान सांगत होती. चर्चच्या भिंतीवरच्या त्या प्रचंड संताच्या चित्राखाली तिने पोरांना ओळीने उभं केलं आणि म्हणाली, "याच्या गुडघ्याला कोण पोचतं बघू." पोरं उड्या मारायला लागली. ताईंना हे तीस वर्षांत सुचलं नव्हतं. मग पोलंडच्या राजाचं घर आलं. गादी गेलेला राजा मुलीला घेऊन या गावात आश्रयाला राहिला आणि त्या मुलीला फ्रान्सच्या राजाकडून मागणी आली, एवढं ताई नेहमी सांगायच्या. कादंबरीने ते करूनच दाखवलं. "असं म्हणतात, की बाबा धावत खोलीत आला नि म्हणाला, गुडघे टेका, देवाचे आभार माना! पोरगी म्हणाली, बाबा, तुमची पोलंडची गादी परत मिळाली? बाबा म्हणाला, छे, त्याहून भारी. तू फ्रान्सची राणी झालीस!" बाबाचा आवाज तिने अगदी राजाभाऊंसारखा काढला. लोक खो खो हसले. राजाभाऊ सगळ्यांत जास्त.

"हे तू नव्हतंस सांगितलं कधी," श्रीपादराव बायकोच्या कानाशी म्हणाले.

"फार नाटकी आहे," ताई म्हणाल्या. पण ते वाक्य त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिलं, पाठ व्हावं म्हणून.

एक वाजला. कादंबरी सगळ्यांना घेऊन चौकात आली. बेकरीचं दार बंद. शेजारचं दुकान बंद. ज्या रेस्तराँच्या भरवशावर ती आली होती त्याची खुर्च्या-टेबलं आत रचून ठेवलेली. ती काचेला नाक लावून आत बघत राहिली. दुसरं एक रेस्तराँ उघडं होतं, तिथे ती धावत गेली. आतल्या माणसाने मागची एवढी फौज बघून हात पसरले. आज सुट्टी, सगळी टेबलं आधीच सांगून ठेवलेली. फारतर चार जण बसवतो. सुपरमार्केटच्या दाराशी जाऊन आलेले दोघे मान हलवत परत आले.

"अगं, कामाचा दिवस ना?" राजाभाऊंनी विचारलं.

"असतो... असायला हवा," कादंबरी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"आमच्या क्षितिजला डायबेटिस आहे, वेळेवर लागतं त्याला," एक आई म्हणाली. एक पोर जर्मनमध्ये भोकाड पसरून भूक लागल्याचं सांगू लागलं. राजाभाऊ हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, "ताई असत्या, तर हे झालं नसतं."

ताई होत्याच. कोठारासमोरच्या कठड्यावर बसल्या होत्या. हे वाक्य त्यांच्या कानात मधासारखं उतरलं. लगेच उठायला हवं होतं. त्या अजून जरा बसल्या. कादंबरीने सगळ्यांची नजर चुकवत डोळ्यांच्या कडा पुसल्या, तेही त्यांनी पाहिलं, आणि मगच पिशवीची चेन ओढली.

"या रे पोरांनो. आधी त्या क्षितिजला द्या."

नदीच्या काठावर पंगत बसली. दशम्या निघाल्या, भाजी निघाली, चटणी निघाली. ओठांना गूळ लागला तशी माणसं बोलायला लागली. "ताई, तुमच्याशिवाय होत नाही बुवा," राजाभाऊ म्हणाले. अगदी तेच शब्द. शोभनाताईंनी मान खाली घालून पदर सारखा केला.

कादंबरी बशा वाटत होती. वाटता वाटता तिचा हात मंदावला. तिने हातातल्या बशांकडे पाहिलं, बसलेल्या माणसांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. कोणालाच कमी पडली नव्हती. ती ताईंपाशी आली, वाकली आणि शेवटची बशी त्यांच्या हातात देताना अगदी हळू म्हणाली, "शाल कुठाय, काकू?"

शोभनाताई बशीतली दशमी मोडत राहिल्या.

तेवढ्यात राजाभाऊंनी विचारलं, "पण हे बंद का आहे सगळं? फ्रान्स आहे ना हा? ताई, तुम्हाला ठाऊक असेल."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर तर होतंच. तीस वर्षं जपून ठेवलेली गावातली सगळ्यांत सुंदर गोष्ट तीच होती, आणि ती सांगायची याहून चांगली जागा नव्हती. पण सांगितली तर मग आधी का नाही सांगितलं, हेही आलंच.

"काय की," ताई म्हणाल्या. "असेल काहीतरी."

कादंबरीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. तिने ताईंचं नाव घेतलं नाही. मोबाइलवर शोधून ती उभी राहिली. "माझी चूक झाली, सॉरी. मी नीट बघायला हवं होतं. इथे लिहिलंय, आल्सास अठराशे एकाहत्तरपासून जर्मनीत होतं. तेव्हाचा सुट्टीचा नियम आहे. नंतर फ्रान्सने तो तसाच ठेवला. स्थानिक कायदा म्हणून. ज्या गावात प्रोटेस्टंट चर्च आहे तिथे गुड फ्रायडेला..."

ती वाचत होती आणि शोभनाताईंच्या अंगाची लाही लाही होत होती. स्थानिक कायदा! राजाच्या पोरीचं नाटक करून दाखवणारी मुलगी, आणि गावाचं काळीज असं मोबाइलवरून, गॅसचं बिल वाचावं तसं वाचतेय! शिवाय आता ही गोष्ट तिचीच होणार. पुढच्या वर्षी ती हेच सांगेल, असंच, आणि लोक म्हणतील, कादंबरीकडून कळलं.

"असं नाही सांगायचं ते!" शोभनाताई एकदम म्हणाल्या. बशी बाजूला ठेवून उठल्याच. "बस खाली. ऐक. आम्ही असेच या काठावर बसलो होतो. सगळं बंद. मी पिशवीतून दशमी काढली. वरची खिडकी उघडली नि एक म्हातारी बाई जर्मनमध्ये म्हणाली, लांबून आलात आणि आजच आलात? वर बोलावलं, कॉफी दिली. मी विचारलं, फ्रान्समध्ये आज सुट्टी कशी? ती म्हणाली, माझी आजी या घरात जन्मली तेव्हा फ्रेंच होती. लग्न झालं तेव्हा जर्मन. केस पिकले तेव्हा पुन्हा फ्रेंच, आणि मेली तेव्हा पुन्हा जर्मन. चूल एकच. या जागेवरून हलली नाही ती. जर्मन होतो तेव्हा आम्हाला गुड फ्रायडेची सुट्टी मिळाली. मग फ्रान्स परत आला. आम्ही म्हटलं, या, बसा, झेंडा बदला. सुट्टीला तेवढा हात लावू नका!"

लोक हसले. ताईंची छत्री कधी वर गेली त्यांना कळलंच नाही. "आणि मी तिला म्हटलं, बाई, मी आठ वर्षं त्या वरच्या दगडापाशी उभी राहून तुझी छपरं मोजलीत. माझ्याकडे व्हिसा नव्हता. ती म्हणाली, माझी आजी घरात बसून तीनदा सीमेपलीकडे गेली, आणि तुला चालतसुद्धा येऊ दिलं नाही! असा होता तो पंचाण्णव सालचा गुड फ्रायडे..."

छत्री तशीच वर राहिली. हसणं एकेक करून थांबलं.

"म्हणजे रविवार नव्हता तर," श्रीपादराव म्हणाले.

राजाभाऊंनी तोंडातला घास सावकाश संपवला. "ताई, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला नाहीत ते?"

शोभनाताईंनी छत्री खाली घेतली. "तिने विचारलं होतं. घरी येऊन विचारलं होतं. मी नाही सांगितलं." मग मिरजेच्या वर्गात एखादी मुलगी उभी राहून उत्तर द्यायची तशा म्हणाल्या, "मला बघवलं नाही."

क्षितिजची आई उठली आणि तिने मुलाला घेऊन बसण्याची जागा बदलली. ते ताईंना सगळ्यांत जास्त लागलं. कादंबरी बशा गोळा करू लागली. शोभनाताईंची बशी तिने घेतली नाही. ती त्यांनी स्वतःच नेऊन टाकली.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी एकट्या बसल्या. श्रीपादराव पलीकडे राजाभाऊंची समजूत घालत होते. बाहेर द्राक्षमळे मागे जात होते. पुढचा मे महिना गेलाच, हे त्यांना कळून चुकलं होतं. विंडेनच्या आधी समोरच्या सीटवर कोणीतरी येऊन बसलं.

"मी तुमच्यावर चिडलेय," कादंबरी म्हणाली.

"चिडच."

"खूप चिडलेय. लोकांसमोर रडायची पाळी आणलीत माझ्यावर." तिने पाय सीटवर वर घेतले. "त्या बाईंचं नाव काय होतं?"

शोभनाताईंनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते दुपारी भर पंगतीत सांगून झालं होतं. आता एवढं नावच काय ते उरलं होतं.

"ओडील," त्या शेवटी म्हणाल्या.

"घर कुठलं?"

"ते नाही सांगणार."

"नका सांगू. मला फ्रेंच येतं, गल्लीत विचारीन."

"विचार की. त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आपसांत फ्रेंच बोलत नाहीत, त्यांची जर्मनसारखी बोली बोलतात."

"तुम्हाला येते?"

"मला येते," शोभनाताई म्हणाल्या आणि मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली.